बारा महिन्यांचे वाचन : एका संकल्पाची चिकित्सा

वर्षारंभी संकल्प करण्याची रीत जुनी आहे. अलीकडे त्या संकल्पांत वाचनाच्या एका संकल्पाची भर पडली आहे. वर्षभरात अमुक इतकी पुस्तके वाचावयाची, प्रत्येक महिन्याला एक विषय नेमून घ्यावयाचा, वाचून झालेल्या पुस्तकापुढे खूण करावयाची आणि डिसेंबरच्या शेवटी बेरीज मांडावयाची, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. जानेवारीत चरित्र, फेब्रुवारीत कविता, मार्चमध्ये प्रवासवर्णन, एप्रिलमध्ये कादंबरी, अशी ती यादी पुढे सरकते. शाळकरी मुलांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत अनेकांनी हा उपक्रम उत्साहाने उचलला आहे. पुस्तक हाती धरणारे हात कमी होत असताना कोणी बारा महिन्यांची शिस्त स्वतःला लावून घेत असेल, तर त्याचे कौतुकच करावयास हवे. मात्र योजना जशी आखावी तसे वाचन घडते. म्हणून या योजनेची चिकित्सा करणे आणि आपल्या कॅथलिक कुटुंबांना शोभेल व झेपेल असा तिचा एक आराखडा मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रचलित योजनेत आम्हांस तीन उणिवा दिसतात. पहिली उणीव संख्येची. पन्नासाचा आकडा डोळ्यांपुढे ठेवला की वाचक नकळत बारीक पुस्तकांकडे वळतो. जाड ग्रंथ कपाटातच राहतो, कारण तो बेरीज अडवितो. दुसरी उणीव विषयांच्या मनमानीची. फेब्रुवारीत कविताच का आणि मार्चमध्ये प्रवासच का, याला उत्तर नसते. महिना आणि पुस्तक यांचे काही नाते जुळत नाही, आणि म्हणून महिना सरला की पुस्तकही विसरले जाते. तिसरी उणीव अधिक खोल आहे. आपण आपल्या आवडीची यादी करतो, आणि आवडीची यादी आपल्याला आहोत तेथेच ठेवते. आपल्या मताला मान डोलावणारी बारा पुस्तके वाचून वर्ष संपते व आपण जानेवारीत होतो तसेच राहतो.

परंपरेचा दाखला

वाचनाचा नेम ही ख्रिस्तसभेला नवी गोष्ट नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात वाचनाची व्यवस्था आहे. उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येक बंधूला ग्रंथालयातून एक पुस्तक द्यावे आणि त्याने ते क्रमाने, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावे, असे त्यांनी सांगितले. वाचनाच्या वेळी कोणी गप्पा मारीत किंवा आळसावून बसला नाही ना, हे पाहण्यासाठी एकदोन वडीलधारे बंधू मठातून फेरी मारीत असत. या व्यवस्थेत एकच पुस्तक आहे, पण ते संपूर्ण वाचावयाचे आहे. आणि ते दिलेले आहे, निवडलेले नाही. या दोन अटींत आजच्या योजनेवरील उतारा आहे, असे आम्ही मानतो.

दिलेले पुस्तक माणसाला कोठे नेऊ शकते, याचे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला एक सरदार लोयोलाच्या गढीत अंथरुणाला खिळून होता. वेळ घालविण्यासाठी त्याने शौर्याच्या अद्भुत कथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या. सॅक्सनीच्या लुडॉल्फ यांनी लिहिलेले ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रांचा एक संग्रह, एवढेच काय ते मिळाले. नाइलाजाने हाती घेतलेल्या त्या पुस्तकांनी संत इग्नेशियस घडले आणि पुढे येशूसंघ उभा राहिला. मागितलेली पुस्तके त्या दिवशी घरात असती तर काय झाले असते, हा विचार वाचनाची यादी करणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवण्यासारखा आहे.

यावरून आमच्या आराखड्याचे तीन नियम निघतात. महिन्याला एकच पुस्तक किंवा मोठ्या ग्रंथाचा एकच निश्चित भाग घ्यावा आणि तो पुरा करावा. महिन्याचा विषय उपासनावर्षातून किंवा आपल्या मातीच्या ऋतुचक्रातून यावा, म्हणजे पुस्तकाला महिन्याचा आणि महिन्याला पुस्तकाचा आधार मिळेल. आणि बारांपैकी निदान चार पुस्तके अशी असावीत, जी कॅथलिक वाचकाने आपणहून उचलली नसती. उपासनावर्षाचा आरंभ आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे ३० नोव्हेंबरच्या आसपास होतो. म्हणून आमचे वाचनवर्षही डिसेंबरात सुरू होऊन नोव्हेंबरात संपेल.

आगमनकाळापासून पुनरुत्थानापर्यंत

डिसेंबर महिना संत लूककृत शुभवर्तमानाचा. चोवीस अध्याय आहेत. एक डिसेंबरपासून रोज एक वाचला तर नाताळच्या पूर्वसंध्येला ते पूर्ण होते. त्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ घ्यावे. मिस्सेत तुकड्यातुकड्यांनी कानावर पडणारे शुभवर्तमान सलग वाचल्यावर एक कथा म्हणून उभे राहते, आणि गोठ्यापासून क्रूसापर्यंतची वाट एकच आहे हे ध्यानात येते. दिब्रिटो यांच्या भाषेचा गुण असा की ती आजच्या घरात बोलली जाणारी मराठी आहे. जुन्या भाषांतरांतील भारदस्तपणा तीत नाही. ज्यांचे कान त्या भारदस्तपणाला सरावले आहेत त्यांना प्रथम काहीतरी हरवल्यासारखे वाटेल. परंतु दहाव्या वर्षाच्या मुलाला ऐकवावयाचे असेल, तर ही भाषाच उपयोगी पडते.

जानेवारीत, १८ ते २५ या तारखांना, ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह पाळला जातो. या महिन्यासाठी आम्ही लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ सुचवितो. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मराठी वाङ्मयात मानाचे मानले जाते. आपल्या घरांत मात्र ते पाठ्यपुस्तकातील एखाद्या उताऱ्यापुरतेच पोहोचले आहे. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. लक्ष्मीबाईंचा झाला १९०० मध्ये. मधली वर्षे हा या ग्रंथाचा गाभा आहे. पतीच्या धर्मांतराने दुखावलेली, समाजापुढे एकटी पडलेली स्त्री आपल्याच दुःखाकडे मिस्किलपणे पाहते. टिळकांच्या विक्षिप्तपणावर हसते आणि स्वतःलाही त्या हसण्यातून सोडीत नाही. ख्रिस्ती धर्माची बाजू मांडण्यासाठी ती पान खर्च करीत नाही. वडिलांच्या घरातील अतिरेकी सोवळे जिने भोगले, तिचे मन पाणी, अन्न आणि पंगत या साध्या गोष्टींत बदलत जाते, आणि तो बदल आपण स्वयंपाकघरात उभे राहून पाहतो. प्रवचन आणि साहित्य यांतील अंतर ज्याला समजून घ्यावयाचे आहे, त्याला याहून चांगला ग्रंथ आम्ही सुचवू शकत नाही. टिळक कुटुंब प्रॉटेस्टंट होते, म्हणून ते ‘आपले’ नव्हे, अशी एक न बोललेली समजूत आपल्यात आहे. ऐक्यसप्ताहात ती मोडावी.

उपवासकाळ बहुधा फेब्रुवारीत किंवा मार्चच्या आरंभी सुरू होतो. तेव्हा हे दोन महिने मिळून एकच ग्रंथ घ्यावा, आणि तो फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ असावा. या आराखड्यातील हे सर्वांत कठीण आणि सर्वांत फलदायी वाचन होय. म्हणून येथे थोडे थांबणे अवश्य आहे.

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात जन्मलेला हा येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच राहिला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती, आणि त्यांना आपल्या भाषेत नवे पुराण हवे होते. त्या मागणीतून हा ग्रंथ जन्मला आणि १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र, आणि दोन्ही मिळून सुमारे अकरा हजार ओव्या, असा त्याचा विस्तार आहे. १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरहून त्याची आवृत्ती काढली. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून तो देवनागरीत आणला. आणि २००९ मध्ये फादर नेल्सन फाल्काव यांची देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. अकरा हजार हा आकडा ऐकून छाती दडपते. पण रोज तीस ओव्या वाचल्या तर सारा ग्रंथ जवळजवळ बरोबर एका वर्षात संपतो. तीस ओव्या मोठ्याने वाचावयास पंधरा मिनिटांहून फारसा अधिक वेळ लागत नाही. उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत या हिशेबाने बाराशे ओव्या होतात. तेवढ्यात दुसऱ्या पुराणातील प्रभूच्या दुःखसहनाचा भाग धरून मनापासून वाचावा. उरलेला ग्रंथ पुढील वर्षांसाठी ठेवावा.

हा ग्रंथ डोळ्यांनी वाचू नये, कानांनी वाचावा. ओवी ही म्हणण्यासाठी असते. गोव्यात व मंगळुराकडे ख्रिस्ती कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या हे पुराण वाचून व ऐकूनच जपले. पहिल्या आठवड्यात शब्द अडतील. संतांच्या मराठीचे वळण, त्यात कोकणीचे मिश्रण आणि मध्येच एखादी पोर्तुगीज किंवा लॅटिन संज्ञा, असा हा मेळ आहे. दुसऱ्या आठवड्यात कान सरावतात. मग लक्षात येते की स्टीफन्स यांनी केवळ मराठी शब्द घेतले नाहीत. मराठी श्रोत्याची अपेक्षाही घेतली. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात, गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून कथा पुढे नेतात, आणि पुराणिकाप्रमाणे श्रोत्याला सावध करीत जातात. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या शालेय पुस्तकांमुळे सर्वांना ठाऊक झाल्या आहेत, पण त्या प्रसिद्धीने एक अन्यायही केला आहे. भाषेची स्तुती करणारा परदेशी पाद्री एवढीच त्यांची ओळख उरली, आणि ज्या कथेसाठी त्यांनी ती भाषा कमावली ती कथा वाचावयाची राहून गेली. दोषही सांगावयास हवा. कथा रंगात आली असता निरूपण लांबते, आणि अन्य उपासनापद्धतींविषयीचा त्यांचा कठोर सूर आजच्या वाचकाला खटकतो. तो खटकावा. चारशे वर्षांपूर्वीचा ग्रंथ वाचताना आपण त्याच्या काळाला शरण जाऊ नये आणि त्याच्यावर खटलाही भरू नये.

एप्रिल हा बहुधा पुनरुत्थानाचा महिना. तो कवितेला द्यावा. नारायण वामन टिळक यांच्या ‘अभंगांजली’तील रचना रोज एकदोन वाचाव्यात, आणि सोबत त्यांनी आरंभलेल्या व लक्ष्मीबाईंनी पुढे नेऊन तडीस लावलेल्या ‘ख्रिस्तायना’चा काही भाग घ्यावा. हा ग्रंथ १९३८ मध्ये, दोघांच्याही मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी आलो, अशी टिळकांची धारणा होती. अभंगांत ती खरी ठरते. तेथे त्यांचा ख्रिस्त कोणा परक्या देशाचा पाहुणा वाटत नाही. ‘ख्रिस्तायना’त मात्र कथेचे ओझे कवितेवर पडलेले जाणवते. लक्ष्मीबाईंची निष्ठा वंदनीय आहे, तरी त्यांची खरी प्रतिभा गद्यात आहे, असे आम्हांस वाटते. जानेवारीतील वाचन ताजे असताना ही तुलना वाचकाने स्वतः करून पाहावी. एका महिन्याचे पुस्तक दुसऱ्या महिन्याच्या पुस्तकाशी बोलू लागले म्हणजे योजना फळली असे समजावे.

मे ते ऑक्टोबर

मे महिना पवित्र मरियेचा. तिच्या स्तोत्रगानात गर्विष्ठ खाली येतात आणि दीन वर उचलले जातात. म्हणून या महिन्यात पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे १८८९ चे पुस्तक वाचावे. अमेरिकेतील स्त्रियांच्या संस्था, त्यांचे शिक्षण, त्यांची संघटित कामे यांचे त्यांना अप्रूप आहे. पण तेथील मूळ रहिवाशांवर व कृष्णवर्णीयांवर झालेला अन्यायही त्या झाकीत नाहीत. परदेश पाहून भारावणारा आणि परदेश पाहून नाक मुरडणारा, असे दोन प्रकारचे प्रवासी मराठीत पुष्कळ झाले. डोळस कृतज्ञता असणारे थोडे. रमाबाईंचे चर्चच्या अधिकाऱ्यांशीही पटले नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अधिकार आणि सदसद्विवेक यांविषयी त्यांनी आपल्या गुरुभगिनींशी पत्रांतून वाद घातला. कॅथलिक वाचकाला हा वाद अस्वस्थ करील. आपल्या घरातील विचारी मुली आज जे प्रश्न विचारतात, त्यांतील काही तेथे आधीच विचारलेले आहेत. त्यामुळे ही अस्वस्थता टाळण्यात शहाणपण नाही.

जूनमध्ये पाऊस येतो व शेते जागी होतात. हा महिना मातीचा. पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक जून २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या पंचवीस वर्षे आधी वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी तेथील ख्रिस्ती व अन्य शेतकरी रस्त्यावर उतरले होते, आणि त्या लढ्याच्या अग्रभागी फादर दिब्रिटो होते. त्यांचे ‘नाही मी एकला’ हे आत्मकथन या महिन्यात वाचावे. धर्मगुरूच्या गद्याला उपदेशाची सवय असते, आणि ती येथेही अधूनमधून डोकावते. परंतु जमीन, पाणी आणि गुंडगिरी यांविषयी ते लिहितात तेव्हा वाक्ये आखूड व थेट होतात. ज्यांना आणखी एखादे पुस्तक झेपेल त्यांनी सिसिलिया कार्व्हालो यांचे ‘टिपंवणी’ हे ललित लेखन घ्यावे.

आषाढी एकादशी जून-जुलैत येते. जुलै महिना आम्ही तुकोबांच्या गाथेला देतो. कॅथलिक वाचनवर्षात गाथा कशाला, असा प्रश्न काही वाचक विचारतील. उत्तर फ्रान्सहून आलेले येशूसंघीय फादर गी डेल्युरी यांनी दिले आहे. त्यांनी तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले; ते पुस्तक १९५६ मध्ये पॅरिसला निघाले. पुढे वारकऱ्यांसोबत चालून व अभ्यासून त्यांनी विठ्ठलसंप्रदायावर लिहिलेला इंग्रजी प्रबंध १९६० मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अन्य धर्मांविषयीचे आपले निवेदन १९६५ मध्ये केले. हा पाद्री त्याआधीच पंढरीच्या वाटेवर होता. गाथा संपूर्ण वाचणे एका महिन्यात शक्य नाही. रोज पाच अभंग, एवढा नेम पुरे.

ऑगस्टमध्ये बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ घ्यावे. १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेली ही कथा मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ओळखली जाते. यमुना आणि तिचा पती विनायक प्रवास करतात, वाटेत विधवांच्या कहाण्या त्यांच्या कानी पडतात, आणि पुढे यमुनेवरही वैधव्य येते. कादंबरी या दृष्टीने ती दुबळी आहे. पात्रे लेखकाच्या विचारांचे निरोप पोहोचविणारी आहेत आणि प्रसंग एका दोऱ्यात ओवल्यासारखे येतात. पण विधवेच्या स्थितीविषयी लेखकाला आलेला संताप अस्सल आहे. कलाकृती उणी आणि सत्य मोठे, असे पुस्तक कसे वाचावे, हा धडा येथे मिळतो. धार्मिक साहित्याच्या वाचकाला तो वारंवार उपयोगी पडेल.

३० सप्टेंबर हा बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या संत जेरोम यांचा सण. त्या महिन्यात नवे पुस्तक घेऊ नये. लूककृत शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय, ज्यात हरवलेल्या मेंढराचा, हरवलेल्या नाण्याचा आणि उधळ्या पुत्राचा दाखला आहे, तो निरनिराळ्या भाषांतरांत समोरासमोर ठेवून वाचावा. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक शिकून केलेले भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची छपाई केडगावच्या मुक्तिसदनात तेथील स्त्रियांच्या हातून झाली. ते, बायबल सोसायटीचे, आणि ‘सुबोध बायबल’ ही तीन भाषांतरे पुरेत. बापाने पुत्राला दुरून पाहिले तेव्हा त्याच्या मनात जे झाले त्यासाठी कोणी कोणता शब्द योजला, एवढाच प्रश्न घेऊन बसावे. एक संध्याकाळ त्यात सरते.

ऑक्टोबर हा जपमाळेचा व मिशनकार्याचा महिना. त्याचा आरंभ लिझ्यूच्या संत तेरेजा यांच्या सणाने होतो. त्यांची आत्मकथा १८९८ मध्ये, मृत्यूनंतर एका वर्षाने छापली गेली. तीवर त्यांच्या भगिनीने बराच हात फिरविला होता, आणि मूळ लेखन १९५६ मध्ये जसेच्या तसे बाहेर आले. ज्या भाषेत मिळेल त्या भाषेत ती वाचावी. आरंभीचे लाडिक वळण पाहून पुस्तक खाली ठेवू नये. शेवटच्या आजारातील अंधाराची पाने आल्यावर ते गोडवेही वेगळे वाटू लागतात.

रिकामा राहिलेला काळ

या बारा महिन्यांवरून नजर फिरविली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. कॅथलिक लेखकाचे मराठी पुस्तक म्हणून आपण स्टीफन्स यांचे नाव घेतो, आणि नंतरचे नाव घेतो ते विसाव्या शतकातले. राशोलच्या परंपरेत फादर एतिएन द ला क्रुआ यांनी १६२९ मध्ये संत पेत्रावर मोठे पुराण रचले. त्यानंतर ती धारा क्षीण होत जाते. एकोणिसाव्या शतकात पदमनजी, टिळक, रमाबाई ही सारी नावे प्रॉटेस्टंट घरांतून येतात. असे का व्हावे?

कारणे शोधता येतात. गोव्यात १६८४ मध्ये व्हाइसरॉयच्या हुकुमाने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे असे ठरविले गेले. ज्या भाषेत पुराण गाइले गेले ती अशिष्ट ठरली. वसई १७३९ मध्ये पोर्तुगीजांच्या हातून गेली आणि तेथील ख्रिस्ती शेतकरी, कोळी आपल्या बोलींसह, पण छापखान्याशिवाय उरले. दुसरीकडे अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आले. प्रत्येक श्रद्धावंताच्या हाती त्याच्या भाषेतील शास्त्र असावे, या निष्ठेपायी त्यांनी शाळा व छापखाने काढले. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू झाला. आपली उपासना लॅटिनमध्ये होती, श्रद्धा ओठांवरच्या प्रार्थनेत व लग्नातल्या गाण्यांत होती, आणि पुस्तकाची निकड तितकी भासत नव्हती. जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये ‘निरोप्या’ काढला, १९५५ मध्ये वसईत ‘सुवार्ता’ निघाली, १९६३ मध्ये व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला उपासनेत वाट दिली. त्यानंतर लेखकांची पिढी उभी राहिली. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर दिब्रिटो यांनी भूषविले, तेव्हा त्या पिढीच्या कष्टांना मराठी जगाची मान्यता मिळाली. २०२४ च्या जुलैत ते आपल्यातून गेले.

पुस्तके लिहिणारे मिळाले तरी वाचणारी घरे नसतील तर ही धारा पुन्हा आटेल, आणि या वेळी कोणा व्हाइसरॉयचा हुकूम त्याला कारण नसेल. आपली बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांना मराठी समजते, बोलता येते, पण एक पान सलग वाचताना ती थकतात. याबद्दल मुलांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांच्यासाठी मोठ्याने वाचणारा कोणी घरात आहे का, एवढाच प्रश्न आहे. म्हणून हा आराखडा आम्ही एकट्याने पुरा करावयाचे आव्हान म्हणून मांडीत नाही. संध्याकाळच्या जपमाळेनंतर पंधरा मिनिटे, आजोबांनी किंवा आजीने वाचावे व इतरांनी ऐकावे. अक्षरे न वाचणाऱ्या मुलाच्या कानात ओवी बसली तर ती पुढे कधीतरी अक्षरांपर्यंत त्याला नेईल. वहीत पुस्तकांची संख्या लिहू नये. महिन्याअखेरीस प्रत्येकाने एकच वाक्य लिहावे : या पुस्तकाशी माझे कोठे पटले नाही. ज्या महिन्यात ते वाक्य सुचणार नाही, त्या महिन्याचे वाचन वरवरचे झाले असे समजावे.

राहिला नोव्हेंबर, मृतांच्या स्मरणाचा महिना. त्यासाठी आम्ही कोणतेही छापील पुस्तक नेमीत नाही. त्या महिन्यात घरातील पेटी उघडावी. ‘सुवार्ता’ व ‘निरोप्या’ यांचे जुने अंक, मुंबईहून किंवा आखातातून आलेली पत्रे, आजीने वहीत उतरवून ठेवलेली लग्नाची गाणी, मिस्सेच्या जुन्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर नोंदलेल्या जन्ममृत्यूच्या तारखा, हे सारे बाहेर काढून मोठ्याने वाचावे. मधल्या रिकाम्या काळात आपली माणसे मुकी नव्हती. त्यांचे शब्द छापले गेले नाहीत, एवढेच. ज्यांच्या घरी गाणी अजून कोणाला तोंडपाठ आहेत त्यांनी ती याच महिन्यात लिहून घ्यावीत, गाणाऱ्या व्यक्तीचे नाव व गाव खाली नोंदवावे, आणि एक प्रत धर्मग्रामाच्या ग्रंथालयात द्यावी. पुढच्या आगमनकाळी नवी यादी करावयास बसू, तेव्हा त्या ग्रंथालयाच्या कपाटात निदान एक वही अशी असेल, जी मागील वर्षी तेथे नव्हती.